विकावयाच्या घरात दुसरे स्नानगृह कोठे असावे?

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत हाहाकार उडाला, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत जुन्या गावाबाहेर बंगल्यांच्या वसाहती झपाट्याने वाढत गेल्या. एरंडवणे, सहकारनगर, कोथरूड अशा भागांत त्या काळी बांधलेली टुमदार घरे आज ज्यांच्या हाती आहेत, त्यांच्यापैकी अनेकांवर वार्धक्यामुळे, मुले परगावी वा परदेशी स्थायिक झाल्यामुळे, किंवा भावंडांतील वाटणीमुळे ती विकण्याचा प्रसंग येत आहे. या घरांची धाटणी बहुधा एकच: पुढे व्हरांडा, मग दिवाणखाना, बाजूस झोपण्याच्या दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून कोठीची लहान खोली, आणि अगदी परसाच्या अंगाला एक न्हाणीघर व एक स्वतंत्र संडास. ज्या काळी न्हाणीघरात बंब पेटवून घरातील माणसे पाळीपाळीने आंघोळ उरकीत, त्या काळी ही व्यवस्था पुरेशी होती. आज मात्र घर पाहावयास येणारे कुटुंब दुसरे स्नानगृह कोठे आहे, हा प्रश्न हमखास विचारते, आणि ते नाही असे कळताच भाव पाडून मागते किंवा दुसरे घर पाहू लागते. मग विक्रीपूर्वी ते बांधून घ्यावे काय, आणि बांधावयाचेच तर कोठे, असा पेच मालकापुढे उभा राहतो.

या विषयात माझे निश्चित मत असे, की जागा प्रथम सांडपाण्याच्या वाटेने ठरवावी, मग त्या घरात राहावयास येणाऱ्या माणसांच्या सोयीने ठरवावी, आणि फरश्यांच्या व नळांच्या शोभेचा विचार या दोहोंनंतर करावा. आणि या दोन्ही कसोट्यांना उतरणारी जागा घरात नसेल, तर ओढूनताणून काही उभे करण्यापेक्षा घर आहे त्या स्थितीत विकणे अधिक हिताचे व अधिक सचोटीचे होय.

आधी गिऱ्हाईक ओळखावे

जागेचा शोध घेण्यापूर्वी एक प्रश्न निकालात काढला पाहिजे, तो म्हणजे घर घेणारा त्यात राहणार आहे की ते पाडणार आहे. जुन्या बंगल्यांच्या बाबतीत पुष्कळदा किंमत इमारतीला नसून जमिनीला असते. भूखंड मोठा, रस्ता रुंद आणि अनुज्ञेय चटईक्षेत्र बरेचसे न वापरलेले असेल, तर घेणारा बहुधा बांधकाम व्यावसायिक असणार आणि तो कबजा मिळताच घर जमीनदोस्त करून तेथे सदनिकांची इमारत उभारणार. अशा विक्रीत दुसऱ्या स्नानगृहावर खर्च केलेला पैसा मातीत जातो. म्हणून परिसर जाणणाऱ्या निदान दोन मालमत्ता सल्लागारांकडून निरनिराळे मत घ्यावे, आणि त्यांना तीन आकडे विचारावेत: जमीन म्हणून येणारी किंमत, राहते घर म्हणून आहे त्या स्थितीत येणारी किंमत, आणि दुसऱ्या स्नानगृहासह येणारी किंमत. पहिला आकडा सर्वांत मोठा निघाल्यास हा लेख येथेच मिटवावा. तसे नसेल तर दुसऱ्या व तिसऱ्या आकड्यांतील अंतर घेऊन त्यातून बांधकामाचा खर्च व विक्री लांबल्याने होणारे नुकसान वजा करावे; बाकी स्पष्टपणे शिल्लक उरत असेल, तरच पुढे पाऊल टाकावे.

सांडपाण्याची वाट

पाणी वर चढविता येते, दूर नेता येते, भिंतीच्या कडेने कोठेही वळविता येते. सांडपाण्याला मात्र उताराशिवाय गती नाही, आणि संडासाच्या पाइपाला तर मुळीच नाही. संडासाकडून निघणारा चार इंची पाइप साधारणपणे चाळिसास एक या उताराने, म्हणजे दर दहा फुटांस तीन इंच, आणि फारच अडचण असल्यास साठास एक या उताराने नेतात. याहून उतार कमी झाला तर मैला पाइपातच बसतो व काही महिन्यांत तुंबण्याच्या तक्रारी सुरू होतात. तीस फूट लांब जावयाचे असेल तर चाळिसास एक या प्रमाणात नऊ इंचांचा उतार लागतो, आणि तेवढी खोली जुन्या चेंबरात आहे काय, हे कागदावर अंदाजण्यापेक्षा झाकण उघडून फुटपट्टीने मोजलेले बरे. जागा ठरविण्याचे काम येथून सुरू होते.

वर वर्णन केलेल्या घरांत एक गोष्ट आपल्या उपयोगाची असते. संडास मागे आणि महापालिकेची मलवाहिनी पुढच्या रस्त्यात, अशा मांडणीमुळे मूळ बांधणाऱ्याने मागील चेंबरापासून रस्त्यापर्यंतची वाहिनी घराच्या एका बाजूच्या मोकळ्या जागेतून, अधूनमधून चेंबर ठेवीत, पुढे आणलेली असते. ती बाजू कोणती हे एकदा समजले, की त्या बाजूस भिंत असलेली प्रत्येक खोली नव्या स्नानगृहास पात्र ठरते, आणि दुसऱ्या बाजूच्या खोल्या बहुतांशी बाद होतात; कारण तिकडे बांधावयाचे तर मैल्याचा पाइप घराच्या जोत्याखालून आडवा न्यावा लागतो, तो तुंबल्यास राहत्या खोलीची फरशी उखडावी लागते, आणि ही शिक्षा पुढे भोगावयाची असते ती घर घेणाऱ्याला. यास्तव पहिला नियम असा समजावा, की नव्या संडासाची बैठक बाहेरच्या भिंतीला लागून असावी आणि तिचा पाइप थेट बाहेर पडून जवळच्या चेंबरास मिळावा. भिंतीतून आडवा बाहेर निघणारा पी-ट्रॅप असलेले भांडे घेतले, तर तळमजल्यावर फरशी फारशी खोदावी लागत नाही, हाही मोठाच फायदा होय. मैल्याच्या पाइपास छपराच्या वर नेलेला वायुपाइप जोडावा, आणि नहाणी ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम उभे राहील असा तो निवडावा. गटाराची दुर्गंधी घरात शिरू न देण्याचे काम ते पाणीच करते.

ज्या गावांत अद्याप भूमिगत गटार योजना पोहोचलेली नाही तेथे हीच कसोटी सेप्टिक टँकला लावावी. टँक कोठे आहे, तो उपसण्यासाठी गाडी जवळ येऊ शकते काय, आणि वाढीव वापर त्याला पेलेल काय, हे आधी पाहावे. आणि परसात विहीर असेल तर तिच्यापासून पुरेसे अंतर राखण्याच्या बाबतीत तडजोड करू नये.

जागांची तुलना

वाट निश्चित झाल्यावर त्या वाटेवरील जागा एकेक करून तपासाव्यात. तपासताना राष्ट्रीय इमारत संहितेतील (२०१६) किमान मापे हाताशी असावीत. संडास व स्नान एकत्र असल्यास किमान क्षेत्र २.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे तीस चौरस फूट, आणि रुंदी १.२ मीटर, म्हणजे सुमारे चार फूट. केवळ स्नानगृहास १.८ चौरस मीटर. केवळ संडासास १.१ चौरस मीटर. उंची निदान २.१ मीटर, म्हणजे सात फुटांच्या आसपास. आणि एक तरी भिंत उघड्या हवेस लागून.

सर्वांत पहिली पसंती द्यावी ती जुन्या न्हाणीघराच्या पाठीस असलेल्या जागेला. दोन स्नानगृहे पाठीला पाठ लावून असली, की नळ, गरम पाण्याची जोडणी आणि सांडपाण्याचे पाइप एकाच भिंतीत येतात, खर्च कमी होतो, आणि पुढे गळती झाल्यास शोध एकाच ठिकाणी घ्यावा लागतो. कोठीची खोली या भिंतीस लागून असेल आणि तिला बाहेरची खिडकी असेल, तर अशी जागा सहसा सोडू नये. दोन पथ्ये मात्र पाळावीत. संडासाचे दार अथवा खिडकी स्वयंपाकघरात उघडता कामा नये, असा संहितेचाही दंडक आहे आणि आपल्या घरांची रीतही. आणि कोठी गेल्यामुळे धान्याचे डबे, गॅसची टाकी व फराळाची भांडी कोठे जातील, याची तजवीज स्वयंपाकघरात आधी करून ठेवावी, कारण घर पाहणाऱ्या गृहिणीची नजर त्या ठिकाणी नक्की जाते.

दुसरी जागा म्हणजे मोठ्या झोपण्याच्या खोलीचा कोपरा. खोलीस जोडून असलेले स्नानगृह गिऱ्हाइकास आवडते यात शंका नाही. परंतु त्यासाठी चांगल्या खोलीचा बळी जात नाही ना, हे मोजून पाहावे. दहा बाय बाराच्या खोलीतून चार बाय सातचा तुकडा कापला, तर उरते ब्याण्णव चौरस फूट, आणि मुख्य खोलीसाठी संहितेने सांगितलेले किमान क्षेत्र ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे एकशे दोन चौरस फूट आहे. शिवाय उरलेली खोली कोपरा तुटलेली, जिच्यात पलंग मांडला तर कपाटाचे दार उघडत नाही, अशी होते. उलट बारा बाय चौदाच्या खोलीतून बारा फूट रुंदीचा साडेचार फुटी पट्टा काढून त्यात साडेसात फूट लांबीचे स्नानगृह व उरलेल्या जागेत भिंतीतले कपाट बसविले, तर बारा बाय साडेनऊची चौकोनी, नीटस खोली शिल्लक राहते आणि कपाट मिळाल्याने तिची सोय वाढतेच. थोडक्यात, खोली मोठी असेल तर पूर्ण पट्टा घ्यावा. लहान असेल तर तिला हातच लावू नये. विकत घेणारा स्नानगृहाचा अभाव पैशांनी भरून काढू शकतो, पण बिघडलेली खोली त्याला पूर्ववत करता येत नाही.

जिन्याखालची जागा पुष्कळांना सुचते. तेथे पूर्ण स्नानगृहाचा आग्रह धरू नये. उभे राहण्याच्या जागी सात फूट उंची मिळत असेल, भिंत बाहेरची असेल व खिडकी काढता येत असेल, तर पाहुण्यांसाठी हात धुण्याच्या भांड्यासह एक संडास तेथे उत्तम होतो, आणि दिवाणखान्यात येणाऱ्यांना घराच्या आतील भागातून जावे लागत नाही. यांपैकी एक जरी अट पुरी होत नसेल तर ती जागा सामान ठेवण्यासाठीच राहू द्यावी.

घराच्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात, म्हणजे नगररचनेच्या परिभाषेतील सामासिक अंतरात, चार भिंती उभारण्याचा मोह सर्वांत अनर्थकारक होय. तेथे गटाराची वाहिनी हाताशी असते, खोल्या शाबूत राहतात, म्हणून गवंडी तोच सल्ला देतो. परंतु ती जागा हवा, उजेड व आगीच्या प्रसंगी लागणारी वाट यांसाठी मोकळी ठेवावयाची असते, आणि तेथील विनापरवाना बांधकाम विक्रीच्या वेळी गुण न ठरता वैगुण्य ठरते. व्हरांडा बंद करून केलेल्या स्नानगृहाचीही गत बहुधा हीच.

राहता राहिला वरचा मजला. वरचे स्नानगृह खालच्या स्नानगृहाच्या बरोबर माथ्यावर असावे, ही जुन्या बांधणाऱ्यांची शिकवण आजही खरी आहे. स्वयंपाकघर, देवघर किंवा झोपण्याची खोली यांच्या माथ्यावर ओली जागा आणू नये. शिवाय वजनाचा हिशेब करावा. खाली न दाबलेल्या स्लॅबवर पाइप लपविण्यासाठी विटांच्या तुकड्यांचा एक फूट जाडीचा कोबा केला, तर दर चौरस मीटरला पाचशे किलोंहून अधिक, आणि लहानशा स्नानगृहापुरते सुमारे दीड टन वजन त्या स्लॅबवर येते. हे वजन पेलेल की नाही हे गवंड्याने सांगावयाचे नसून संरचना अभियंत्याने लेखी द्यावयाचे आहे. भिंतीवर टांगलेले भांडे व भिंतीबाहेरचा पाइप योजला, तर या भरावाची गरज पुष्कळ कमी होते. वाड्यांतील लाकडी तक्तपोशीवर मात्र नवे स्नानगृह कधीही बांधू नये. ओलीने तुळया कुजतात, आणि ते कुजणे छताला बाक येईपर्यंत दिसत नाही.

सदनिका विकणाऱ्यांसाठी निर्णय याहून सोपा आहे, कारण निवडीला वाव थोडा. तेथे जुन्या स्नानगृहाच्या उभ्या पाइपांपासून दूर जाऊ नये, शेजाऱ्याच्या राहत्या खोलीच्या माथ्यावर ओली जागा आणू नये, आणि गृहनिर्माण संस्थेची लेखी संमती हाती आल्याखेरीज हातोडा उचलू नये.

कोणाच्या सोयीसाठी

एकाहून अधिक जागा वरील कसोट्यांना उतरल्या, तर निवड माणसांकडे पाहून करावी. जुना बंगला घेणारे कुटुंब बहुधा तीन पिढ्यांचे असते. म्हणून रात्री उठावे लागणाऱ्या वृद्धांच्या खोलीपासून जे स्नानगृह जवळ आणि पायरीविना गाठता येईल, ते सर्वांत मोलाचे. तळमजल्यावर एक तरी असे स्थान साधत असेल तर वरच्या मजल्याचा विचार मागे ठेवावा. दार खोलीत ठेवावे की बोळात, याविषयी मतभेद आहेत. माझी शिफारस अशी, की घरात ते दुसरेच स्नानगृह असेल तर दार बोळात, पण झोपण्याच्या खोलीच्या दाराशेजारी ठेवावे, म्हणजे ते एका जोडप्याचे न राहता सर्वांच्या उपयोगी पडते. दार बाहेर उघडणारे असावे, कारण आत कोणी घसरून पडल्यास आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते. जुना संडास भारतीय पद्धतीचा असेल तर तो तसाच ठेवून नव्यात कमोड बसवावा. दोन्ही सवयींच्या माणसांची सोय होते. भिंत बांधतानाच आधाराचा दांडा पेलेल अशी मजबुती कमोडशेजारी ठेवावी.

वास्तुशास्त्राविषयी येथे वाद घालण्याचे प्रयोजन नाही. घर आपण विकणार आहो, आणि पुष्कळ गिऱ्हाइके ईशान्येस किंवा देवघराच्या भिंतीस लागून संडास असलेले घर घेत नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. उतार, हवा व सोय या दृष्टींनी दोन जागा समान असतील, तर जिच्यामुळे कोणाच्या श्रद्धेला बाध येणार नाही ती निवडावी. पण केवळ दिशेपायी मैल्याचा पाइप घराखालून नेऊ नये.

पाण्याचाही विचार करावा. शहरी पुरवठ्याचे सर्वसाधारण प्रमाण माणशी दररोज १३५ लिटर धरले जाते. पाच माणसांच्या घरास त्या हिशेबाने दिवसाला पावणेसातशे लिटर लागतात, आणि गच्चीवरची टाकी त्याहून लहान असेल तर दोन स्नानगृहे असूनही सकाळी एकच चालते. वरच्या मजल्याचे स्नानगृह आणि त्याच्याच माथ्यावर ठेंगणी टाकी असेल, तर शॉवरला जोर येत नाही. अशा वेळी टाकीचा ओटा उंचवावा.

परवानगी, कागद आणि मुदत

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा कायदा घराच्या आतील भागापुरत्या मर्यादित, बाह्य स्वरूप फारसे न बदलणाऱ्या कामात आणि बांधकाम वाढविण्यात भेद करतो. दुसऱ्या प्रकारास पूर्वपरवानगी हवी, आणि ती नसल्यास कलम ५३ अन्वये ते काढून टाकण्याची नोटीस येऊ शकते. मुंबईसह काही अपवाद वगळून राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. आपले काम कोणत्या प्रकारात मोडते, हे परवानाधारक वास्तुविशारदाकडून लेखी घ्यावे. भारवाही भिंतीत नवे दार काढावयाचे असले तर संरचना अभियंत्याचाही दाखला जोडावा. गिऱ्हाईक कर्ज काढून घर घेणार असेल, तर बँकेचा मूल्यनिर्धारक मंजूर नकाशा हाती धरून घर पाहतो, आणि नकाशात नसलेले बांधकाम तो हिशेबात धरत नाही, हे ध्यानात असू द्यावे. मिळकत पत्रिकेवर भावंडांची नावे असतील तर सर्वांची लेखी संमती व खर्चाची वाटणी आधी ठरवावी. बयाणा घेतल्यावर काम करावयाचे झाल्यास त्याचा तपशील, मुदत व जबाबदारी साठेखतात नमूद करावी. खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. भांडवली नफ्याचा हिशेब करताना मिळकतीत केलेल्या सुधारणेचा खर्च विचारात घेतला जातो, आणि त्याला पुराव्याची गरज असते.

कामास आरंभ दिवाळीनंतर करावा. पावसाळा सरलेला असतो, भिंती कोरड्या असतात, सिमेंटला पाणी मारून पुरते पक्व होण्यास वेळ मिळतो, आणि गुढीपाडवा व अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, जेव्हा घर घेण्याची लगबग असते, तेव्हा घर दाखविण्यास तयार होते. फरश्या बसविण्यापूर्वी जलरोधक थर पूर्ण झाल्यावर मोरीचे तोंड बंद करून जमिनीवर पाणी भरून ते निदान दोन दिवस ठेवावे व पातळी उतरते काय, पलीकडच्या भिंतीस ओल येते काय, हे स्वतः पाहावे. या दोन दिवसांची घाई करणारा ठेकेदार नेमू नये.

विकणाऱ्याचे कर्तव्य

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५५ प्रमाणे, जे दोष विक्रेत्यास ठाऊक आहेत आणि घेणाऱ्यास सर्वसाधारण काळजीने पाहूनही कळणार नाहीत, असे महत्त्वाचे दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. स्नानगृहाचे दोष नेमके याच जातीचे असतात: चकचकीत फरशीखाली अपुरा उतार, भिंतीत दडलेला जोड, जोत्याखालून गेलेला पाइप. म्हणून काम चालू असताना पाइपांची छायाचित्रे घ्यावीत, कोणता पाइप कोठून जातो व कोणत्या चेंबरास मिळतो याचा साधा नकाशा काढून घ्यावा, आणि परवानगीपत्र, अभियंत्याचा दाखला, पाण्याच्या चाचणीची नोंद व हा नकाशा असा संच खरेदीखताच्या वेळी नव्या मालकाच्या स्वाधीन करावा. असे कागद दाखविणाऱ्या विक्रेत्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो, आणि भावाची घासाघीसही कमी होते.

आणि सर्व पाहूनही योग्य जागा सापडली नाही, तर खेद मानू नये. वास्तुविशारदाकडून दुसऱ्या स्नानगृहाची शक्य तेवढी एक-दोन स्थाने दाखविणारा नकाशा व खर्चाचे अंदाजपत्रक करून घ्यावे, ते गिऱ्हाइकापुढे ठेवावे, आणि त्या मानाने किंमत कमी सांगावी. घेणारा आपल्या गरजेप्रमाणे व आपल्या देखरेखीखाली ते बांधील. विकणाऱ्याला थोडी रक्कम सोडावी लागेल, पण ज्या घराने आपल्या कुटुंबाला अर्धशतक आसरा दिला ते धड अवस्थेत दुसऱ्या कुटुंबाच्या हाती गेले, याचे समाधान त्या रकमेहून निश्चितच मोठे आहे.